गोळी आणि शिधा

क्षयरोगात अन्नाचे स्थान काय, या प्रश्नाला भारतातूनच दोन उत्तरे मिळाली आहेत आणि दोन्ही जगभर वाचली गेली. पहिले १९५९ मध्ये मद्रासहून आले : औषधे नेमाने घेतली तर निकृष्ट आहारावरही रोगी बरा होतो. दुसरे २०२३ मध्ये झारखंडहून आले : रोग्याच्या घरच्यांना शिधा दिला तर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटते. वरवर पाहता पहिले उत्तर अन्नाला बाजूला सारते आणि दुसरे त्याला पुन्हा पानावर आणून बसवते. क्षयाच्या धोरणात आज दोन भूमिका समोरासमोर उभ्या आहेत, त्या या दोन उत्तरांच्या आधारानेच. रोगी शोधावा, पूर्ण औषध द्यावे आणि सगळा पैसा त्यावरच लावावा, असे एका पक्षाचे म्हणणे. भूक तशीच ठेवून क्षय हटणार नाही, असे दुसऱ्याचे. पहिल्याला इथे उपचारपक्ष म्हटले आहे, दुसऱ्याला पोषणपक्ष.

वादात शिरण्यापूर्वी एक भेद पक्का करून घ्यावा लागतो. क्षयाच्या जंतूंची लागण होणे वेगळे आणि क्षयरोग होणे वेगळे. खोकल्यातून उडालेले जंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि बहुतेकांच्या शरीरात तिथेच जखडले जातात. लागण झालेल्या शंभरांपैकी आयुष्यभरात पाच ते दहाच जण आजारी पडतात. जंतूंना जखडून ठेवण्याचे काम शरीराच्या पेशीय प्रतिकारशक्तीचे असते आणि उपासमारीत नेमकी तीच खचते. एचआयव्ही, मधुमेह, दारू आणि तंबाखू हीसुद्धा तिला खिंडार पाडणारी कारणे आहेत, पण भारतात संख्येने सर्वांत मोठे कारण कुपोषणाचे.

उपचारपक्ष : मद्रासपासूनच सुरुवात करू, कारण तो प्रयोग समजून न घेताच त्याला जुना म्हणायची पद्धत पडली आहे. तोवर क्षय म्हटला की सेनेटोरियम, हे समीकरण ठरलेलं होतं. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी-तुपाचा खुराक. आपल्याकडे मिरज आणि पाचगणी ही नावं त्या काळी कुटुंबं दबक्या आवाजात घेत. खाटा मात्र मूठभर आणि रोगी लाखांनी. मग मद्रासमध्ये गरीब वस्त्यांतले १९३ रोगी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एक गट वर्षभर सेनेटोरियममध्ये, दुसरा स्वतःच्या घरी. औषधं दोघांनाही तीच, आयसोनियाझिड आणि पास. वर्षाअखेर सेनेटोरियममधले ९२ टक्के रोगी बरे झाले होते आणि घरचे ८६ टक्के. दाटीवाटीच्या खोल्यांत राहून, कामाला जाऊन, तुटपुंजं खाऊन ८६ टक्के! रोग्याला घरातून उचलून नेण्याची गरज त्या दिवशी संपली. एवढं मोठं ओझं गरिबांच्या डोक्यावरून दुसऱ्या कुठल्या संशोधनानं उतरवलं असेल, असं वाटत नाही.

पोषणपक्ष : त्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण त्याच प्रयोगात वजनाचीही नोंद होती. सेनेटोरियममध्ये चांगलं खाणाऱ्यांचं वजन घरच्यांपेक्षा कितीतरी जास्त वाढलं होतं.

उपचारपक्ष : वाढलं, आणि तरीही जंतू जाण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. तोच तर मुद्दा आहे. वजन हे बरं होण्याचं फळ आहे, कारण नव्हे.

पोषणपक्ष : मग त्या प्रयोगानं विचारलेला प्रश्न नीट वाचायला हवा. प्रश्न असा होता, की निदान झालेला, औषधं मिळत असलेला रोगी घरी बरा होईल का? उत्तर मिळालं, होईल. पण त्या उत्तरातून पुढच्या पिढीनं भलताच धडा घेतला. अन्नाचा क्षयाशी संबंधच नाही, असं मानलं गेलं. ज्याला अजून रोग झालेला नाही, पण जो त्याच खोलीत झोपतो, त्याच ताटात जेवतो, त्याचं काय, हे तिथं विचारलंच नव्हतं.

उपचारपक्ष : घरच्यांचाही पाठपुरावा झाला होता. रोगी घरी राहिला म्हणून त्याच्या घरच्यांना जास्त क्षय झाला नाही.

पोषणपक्ष : बरोबर. लागण व्हायची ती निदानाआधीच होऊन गेलेली असते, म्हणून रोगी हलवला काय आणि ठेवला काय, सारखंच. पण दोन्ही गटांतल्या घरच्यांचं पोट सारखंच रिकामं होतं ना? तुलना जागेची झाली, जेवणाची नाही.

मद्रासचा प्रयोग चुकला, असे पोषणपक्षाला म्हणायचे नाही. औषध आणि खुराक यांतले काय रोग्याला बरे करते, हे त्या प्रयोगाने निःसंशय दाखवले. लागण झालेल्यांतले कोण आजारी पडणार, हे कशावर ठरते हा निराळा प्रश्न आहे आणि तो तपासायला पुरेसा मोठा, चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग व्हायला पुढची सहा दशके जावी लागली. एवढा उशीर लागावा, ही गोष्ट क्षयसंशोधनाला शोभणारी नाही. पूर्वीचे पुरावे होते, पण ते आडवळणाचे. इंग्लंडमध्ये क्षयाचे मृत्यू स्ट्रेप्टोमायसिन हे पहिले परिणामकारक औषध येण्याआधीच कितीतरी उतरले होते. थॉमस मॅक्युन यांनी त्याचे श्रेय सुधारलेल्या आहाराला दिले, तर सायमन स्रेटर यांनी ते नगरपालिकांच्या स्वच्छतेच्या कामांना द्यायला हवे म्हणून त्यांना विरोध केला. पॅपवर्थ या इंग्लिश खेड्यात क्षयरोग्यांची कुटुंबासह वसाहत होती. तिथे रोग्यांना काम, घर आणि पुरेसे अन्न मिळे. तिथल्या मुलांना लागण झाली तरी रोग क्वचितच झाला. पण एका खेड्यावरून निष्कर्ष काढायचा किती?

अनुराग भार्गव आणि माधवी भार्गव या डॉक्टर दांपत्याने हा प्रश्न लावून धरला. छत्तीसगडमधल्या गनियारी इथल्या जन स्वास्थ्य सहयोगाच्या दवाखान्यात आलेल्या १,६९५ क्षयरोग्यांच्या नोंदी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांतल्या पुरुषांचे मधले वजन ४२.१ किलो होते आणि स्त्रियांचे ३४.१ किलो. प्रौढ बाई आणि ३४ किलो : शाळेत जाणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचे हे वजन. क्षयाच्या गोळ्या वजनाच्या टप्प्यांनुसार देतात. २५ ते ३४ किलोपर्यंत रोज दोन, ३५ ते ४९ पर्यंत तीन. म्हणजे त्या दवाखान्यातल्या सुमारे निम्म्या बाया प्रौढांच्या तक्त्यातल्या सर्वांत खालच्या ओळीत बसत होत्या.

झारखंडचा प्रयोग याच अनुभवातून उभा राहिला. त्याचे नाव ‘रेशन्स’. चार जिल्ह्यांतली २८ क्षयरोग युनिटे, २,८०० रोगी आणि त्यांच्या घरचे १०,३४५ सहवासित त्यात होते. दोन-तृतीयांश माणसे संथाळ, हो, मुंडा, उरांव, भूमिज अशा आदिवासी समाजांतली होती. रोग्यांना दोन्ही गटांत महिन्याला दहा किलोंची पिशवी मिळे : पाच किलो तांदूळ, तीन किलो सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, दीड किलो दूध पावडर आणि अर्धा लिटर तेल. फरक होता तो घरच्यांच्या बाबतीत. एका गटातल्या प्रत्येक सहवासिताला दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि सूक्ष्मपोषक द्रव्यांच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या गटातली घरे नेहमीचेच खात राहिली.

हिशेब मांडला तर हा शिधा किती साधा होता ते कळते. दिवसाला तांदूळ सुमारे १६७ ग्रॅम आणि डाळ ५० ग्रॅम. एक वाटीभर तांदळाचा भात आणि त्यावर बेताचे वरण. त्यातून ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिने मिळतात. रोजच्या जेवणाची जागा हा शिधा घेत नव्हता, जेवणातली तूट भरून काढत होता.

पोषणपक्ष : शिधा न मिळालेल्या ४,७२४ जणांपैकी पाठपुराव्यात १२२ जणांना क्षय झाला. शिधा मिळालेल्या ५,६२१ जणांपैकी ९६ जणांना. वय, गट वगैरेंचा हिशेब धरून ३९ टक्के घट. आणि फुप्फुसाचा, तपासणीत जंतू सापडलेला क्षय घेतला, म्हणजे जो दुसऱ्याला लागतो तो, तर घट ४८ टक्के. भात-वरणानं हे साधलं. शिवाय हा उपाय जंतूंना कधी पचवता येत नाही. भाताला प्रतिरोधी झालेला जंतू अजून कुणी पाहिलेला नाही.

उपचारपक्ष : आकडे मान्य, पण ते पूर्ण वाचा. ३९ टक्के हा मधला अंदाज. खरी घट १५ टक्क्यांपासून ५७ टक्क्यांपर्यंत कुठंही असू शकते. एक रोगी टाळायला ३० घरांना शिधा पुरवावा लागला. ते पैसे रोगी शोधण्यावर लावले तर? व्हिएतनामच्या का माव प्रांतात तीन वर्षं ओळीनं दरवर्षी घरोघर जाऊन सगळ्या प्रौढांची थुंकी तपासली. खोकला असो वा नसो. चौथ्या वर्षी तिथं क्षयाचं प्रमाण लाखात १२६ होतं आणि तपासणी न झालेल्या गावांत २२६. म्हणजे ४४ टक्क्यांची घट. तिथं कुणाला किलोभर तांदूळ दिला नव्हता.

पोषणपक्ष : उत्तम काम. पण का माव आणि झारखंडची भूक सारखी नाही. आणि शोध घेतल्यावर रोगी सापडतो तो आजारी झालेला. आम्ही आजारी पडण्याच्या आधीचं बोलतोय.

उपचारपक्ष : त्यालाही औषध आहे. सहवासितांनी सहा महिने रोज आयसोनियाझिड घेतलं तर क्षयाचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटतो, हे कितीतरी प्रयोगांतून दिसलं आहे. आता तर आठवड्यातून एकदा, बारा डोसांतही काम होतं. गोळ्यांची पट्टी खिशातून नेता येते. दहा किलोंची पोती डोंगर चढून न्यायची, उंदरांपासून जपायची, वाटेत गळती होऊ द्यायची नाही... कार्यक्रम चालवणाऱ्याला विचारा.

पोषणपक्ष : विचारलंय, आणि झारखंडमध्ये करूनही दाखवलंय, तेही कोविडच्या टाळेबंदीत. गोळीचं म्हणाल तर धडधाकट, खोकलाही नसलेल्या माणसाला सहा महिने गोळी खायला लावणं सोपं नाही. ‘मला काही झालं नाही, मग औषध कशाला?’ हे प्रत्येक आशाताईंनी ऐकलेलं असतं. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत गोळी चालू होती तोवर संरक्षण होतं, बंद केल्यावर टिकलं नाही, कारण लागण पुन्हा पुन्हा होत राहिली. भुकेल्या पोटी औषध ‘उष्ण पडतं’ म्हणून सोडणारेही आहेतच. शिधा मात्र कुणी परत केल्याचं ऐकिवात नाही.

उपचारपक्ष : मग शिधा बंद झाल्यावर त्याचं संरक्षण टिकतं, असं तुम्ही कशावरून म्हणता? दिला तोही रोग्याचे उपचार चालू होते तेवढाच काळ.

पोषणपक्ष : पाठपुरावा त्यापुढेही सुरू होता आणि फरक दिसला. पण पाच वर्षांनी काय, हे त्या प्रयोगातून कळत नाही. तिथं आम्ही थांबतो.

पोषणपक्षाची ही कबुली महत्त्वाची आहे, कारण दुसऱ्या एका निष्कर्षाबाबत तो पक्ष इतका सावध नसतो. झारखंडच्या रोग्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, १८.५ या कमी वजनाच्या मर्यादेच्या खाली होता आणि सुमारे निम्म्यांचा १६ च्याही खाली. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. ३६ किलोच्या बाईसाठी ५ टक्के म्हणजे १.८ किलो. ती या जगात राहील की नाही, हे एवढ्याशा वजनाशी जोडलेले दिसावे, हे अंगावर येणारे आहे. तरीही अन्नाने मृत्यू ६१ टक्क्यांनी टाळले, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. कुपोषित रोग्यांना उपाशी ठेवून तुलना करणे अनैतिक ठरले असते, म्हणून पिशवी सगळ्याच रोग्यांना दिली होती. तेव्हा वजन वाढले म्हणून माणूस वाचला, की औषध लागू पडल्याने वजनही वाढले आणि तोही वाचला, हे वेगळे काढायला तुलनेचा गट उरला नव्हता. मद्रासचा जुना आक्षेप इथे लागू पडतो, आणि उपचारपक्षाने तो सोडता कामा नये.

उपचारपक्ष : हेच आम्ही म्हणत होतो. तमिळनाडूनं २०२२ पासून दुसरा मार्ग धरला. निदान होताच प्रत्येक रोग्याचं वजन-उंची, श्वासाचा वेग आणि रक्तातला ऑक्सिजन मोजायचा, आधाराशिवाय उभं राहता येतं का ते पाहायचं, आणि धोक्यातल्यांना लगेच दवाखान्यात दाखल करायचं. मृत्यू तिथं टळतो.

पोषणपक्ष : त्या यादीत पहिलं काय आहे? बीएमआय. अतिकुपोषण ही तिथं धोक्याची खूण आहे, आणि दाखल केल्यावर त्या माणसाला खायलाही दिलं जातं. वजनकाटा हा उपचाराचा भाग आहे, हे तुमच्या पक्षानंही मान्य केलंच की.

उपचारपक्ष : वजनकाट्याला आमचा विरोध कधीच नव्हता. विरोध आहे तो औषधाचा पैसा शिध्यात जाण्याला. गोळ्यांचा पुरवठा खंडला तर रोगी मरतो आणि प्रतिरोधी जंतू पसरतो. शिध्याचा महिना चुकला तर तसं होत नाही. तंगीत आधी कुणाला, हे ठरवावंच लागतं.

पोषणपक्ष : तंगीत आधी गोळी. ते आम्हीही म्हणू. पण तंगी धरून चालण्याचं कारण काय? शिध्याचे पैसे औषधाच्या खात्यातून काढावेत, असं आम्ही कधी म्हटलं नाही. रेशन दुकानांची साखळी देशभर आहे. क्षयाच्या नोंदवहीतल्या घराचं नाव तिथल्या यादीला जोडायचं आहे.

ही सूचना सर्वत्र सारखी लागू पडणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत झारखंडमधल्या २६.२ टक्के स्त्रियांचा बीएमआय १८.५ हून कमी आढळला, महाराष्ट्रातल्या २०.८ टक्के स्त्रियांचा आणि देशभरातल्या १८.७ टक्के. महाराष्ट्राची स्थिती देशाच्या सरासरीहूनही वाईट आहे, हे सहसा बोलले जात नाही. म्हणजे झारखंडचा निष्कर्ष इथल्या डोंगराळ आणि दुष्काळी तालुक्यांना परका नाही. उलट मुंबई-पुण्यात क्षयाच्या सोबतीला मधुमेह मोठ्या प्रमाणात सापडतो. मधुमेहाने क्षयाचा धोका सुमारे तिपटीने वाढतो. तिथल्या घरात सरसकट जादा तांदूळ पाठवणे शहाणपणाचे नाही. आधी वजन आणि साखर मोजावी, मग काय द्यायचे ते ठरवावे, एवढा विवेक शिध्यालाही हवा.

दोन्ही पक्षांची भाषणे बाजूला ठेवून पुरावा मांडला तर प्रश्न तीन निघतात. झालेला क्षय कशाने जातो? औषधाने, आणि इथे मद्रासचे उत्तर आजही तसेच उभे आहे. लागण झालेला माणूस आजारी पडणे कशाने टळते? प्रतिबंधक गोळीने, आणि जिथे भूक आहे तिथे अन्नानेही. दोन्ही एकत्र दिली तर बेरीज होते का, हे पुढच्या प्रयोगांनी दाखवायचे आहे. उपचार सुरू असलेला रोगी दगावू नये म्हणून अन्न किती कामी येते, याची खूण बळकट आहे, पण पुरावा पहिल्या दोहोंइतका पक्का नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लावले गेले, आणि त्यामुळे सहवासितांचे ताट क्षयाच्या धोरणातून दीर्घकाळ गायब राहिले.

धोरण आता सरकू लागले आहे. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रोग्याच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये जमा होत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले. कमी वजनाच्या रोग्यांना सुरुवातीचे दोन महिने ऊर्जायुक्त पूरक आहार देण्याचेही ठरले. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, जिथे अन्नाची ददात आहे तिथे सहवासितांनाही अन्नसाहाय्य द्यावे, अशी शिफारस केली.

उपचारपक्ष : मग तुमचं काम झालं म्हणायचं.

पोषणपक्ष : रोग्याचं थोडंफार झालं. प्रयोगात फरक दिसला तो घरच्यांच्या शिध्यानं. सरकारी पैसे येतात ते रोग्याच्या नावावर. घरच्यांसाठी टोपली येते ती निक्षय मित्रांकडून, म्हणजे कुणी व्यक्ती, संस्था किंवा कंपनी स्वखुशीनं पुढं आली तर. आली नाही, तर त्या घराला मागायला जागा नाही.

उपचारपक्ष : आणि प्रतिबंधक गोळी? ती २०२१ पासून सगळ्या वयाच्या सहवासितांसाठी सरकारी खर्चानं आहे.

पोषणपक्ष : तशीच तूरडाळही असावी, एवढंच आमचं मागणं आहे.